गाडी जाते कोठे?

गेल्या दिवाळीत आमच्या घरी आगगाडी आली. आली ती खोक्यातून. परंतु येताच तिने माळ्यावरची अडगळ हलविली, सूनबाईंची कुरडया वाळविण्याची जागा बळकावली, आणि पुढले सहा महिने घरातल्या लहानथोरांस आपल्या सेवेस जुंपले. आमचे चिरंजीव कामानिमित्त जर्मनीस गेले होते. परत येताना त्यांनी आपल्या बारा वर्षांच्या मुलासाठी एक इंजिन, तीन उतारूंचे डबे, आठ वाघिणी आणि रुळांचे दोन जाड गठ्ठे आणले. (मालाच्या डब्यास आपल्या रेल्वेतील माणसे वाघीण म्हणतात. 'वॅगन'चे हे देशी रूप ज्याच्या तोंडून प्रथम निघाले, त्याच्या प्रतिभेस आमचा नमस्कार असो.) त्याच रात्री नातवाने आम्हांस विचारले, "आजोबा, रूळ कसे मांडायचे?"

आम्ही पस्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविले. उत्तर ठाऊक नसले म्हणजे 'उद्या सांगतो' म्हणावे आणि रात्री ग्रंथ चाळावेत, ही त्या पेशातील जुनी रीत. ती आम्ही पाळली. मात्र त्या एका रात्रीचे सहा महिने झाले. या अवधीत आमच्या हातून ज्या चुका घडल्या आणि शेवटी जे हाती लागले, ते या छंदाच्या वाटेस जाऊ पाहणाऱ्या घरांस उपयोगी पडेल अशा भरवशावर येथे लिहितो.

प्रथम मापाचे सांगितले पाहिजे. खेळातल्या आगगाड्यांची मापे पुष्कळ आहेत. त्यांतले जगात सर्वांत अधिक चालते ते एचओ, म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचे. त्यात दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. इंग्लंडात याच रुळांवर किंचित मोठी, शहात्तराव्या हिश्श्याची गाडी चालवितात आणि त्या मापास ओओ म्हणतात. याहून धाकटे माप एन. तेथे रुळांतील अंतर ९ मिलिमीटर. मेर्कलिन या जर्मन कंपनीने १९७२ साली झेड नावाचे माप काढले, त्यात तर हे अंतर अवघे साडेसहा मिलिमीटर आहे. तरुण डोळ्यांस ते लखलाभ असो. आमच्याकडे आलेली गाडी एचओ मापाची होती.

मापाचा आकडा हाती आला म्हणजे गणित करण्याचा मोह होतो, आणि गणित केले म्हणजे पहिला भ्रम गळून पडतो. पुणे-मुंबई लोहमार्ग १९२ किलोमीटर. त्यास ८७ने भागले तरी सव्वादोन किलोमीटर उरतातच. बरे, मार्ग राहू द्या, नुसते स्टेशन घेऊ म्हटले तर चोवीस डब्यांच्या गाडीस साडेपाचशे मीटरांच्या आसपास फलाट लागतो. त्याची हुबेहूब प्रतिकृती सहा मीटरांहून लांब होईल. वळणाचे तर विचारूच नये. आपल्या ब्रॉडगेज मार्गावर मान्य असलेले तीव्रात तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचे असते. सत्त्याऐंशीव्या हिश्श्याने ते दोन मीटर त्रिज्येचे झाले, म्हणजे गाडीस नुसते माघारी वळावयास चार मीटर रुंद खोली हवी. आमच्या खोक्यातले वळलेले रूळ ४४ सेंटिमीटर त्रिज्येचे होते. खऱ्या मापात तो आकडा ३८ मीटर होतो. अशा वळणावरून डेक्कन क्वीन न्यावयास सांगितले तर ड्रायव्हर इंजिनातून उतरून घरी जाईल. तेव्हा घरात मांडलेला प्रत्येक लोहमार्ग ही एक लबाडी असते. कोणती लबाडी पत्करावयाची, एवढेच आपल्या हाती.

संस्कृतात 'वृत्त' या शब्दाचा एक अर्थ वर्तुळ आणि दुसरा छंद. या छंदात पडणारा जो तो प्रथम वृत्तातच अडकतो. गोल किंवा लांबट कडे करावे, गाडी सोडावी आणि टाळ्या पिटाव्यात. यात वावगे काही नाही. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांच्या जयविलास राजवाड्यात भोजनाच्या मेजावर चांदीची एक आगगाडी आहे. मेजाभोवती रुळांचे कडे. गाडीच्या डब्यांवर काचेच्या सुरया. गाडी पाहुण्यांपुढून फिरत जाई. पाहुण्याने सुरई उचलली की थांबे, खाली ठेवली की पुढे चाले. सुरयांत काय असे ते या मासिकाच्या वाचकांस सांगण्याची सोय नाही. पन्हे होते असे समजावे. पण त्या कड्याकडे नीट पाहिले तर ध्यानात येईल की ती गाडी नुसती फिरत नाही. तिला प्रत्येक पाहुण्यापाशी जावयाचे आहे, आणि पाहुणे मेजाभोवती बसलेले आहेत. म्हणून रूळ मेजाभोवती आहेत. कामावरून आकार ठरला. हे आम्हांस आज दिसते. गेल्या दिवाळीत दिसले नाही.

त्या वेळी आमच्यापुढे होते एक चित्रांचे पुस्तक. त्यात इंग्रजी आठाच्या आकड्याची एक मांडणी होती: एक बाजू चढत जाऊन पुलावरून दुसरीस ओलांडते, खाली बोगदा, कोपऱ्यात गाडी उलट फिरविण्याचा फास. आठाचा आकडा हे या खेळाचे फार जुने लेणे आहे. मेर्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत चावीची गाडी मांडली, तीही आठाच्या आकड्यावरच. इतकी जुनी परंपरा पाहून आमची श्रद्धा दृढ झाली. आठ फूट बाय चार फूट प्लायवूड आणून ते सहा फुटांवर कापले, माळ्यावर दोन भिंतींच्या कोपऱ्यात मांडले, आणि नातवाने व आम्ही सुटीचे पंधरा दिवस त्यावर खर्ची घातले.

पहिल्या दिवशी गाडी चढावर अडली. इंजिनाची चाके जागच्या जागी गरगरली आणि तीनही डबे घेऊन ते मागे घसरले. मग आम्ही जे गणित आधी करावयास हवे होते ते केले. खालच्या गाडीच्या टपावरून पूल न्यावयाचा तर वरचा रूळ सुमारे ७५ मिलिमीटर उंच हवा. तेहेतिसात एक इतका चढ धरला (खेळातल्या इंजिनास त्याहून अधिक सोसत नाही) तर तेवढी उंची गाठावयास अडीच मीटर रूळ लागतात, आणि उतरावयास तितकेच. पाच मीटर झाले. सहा फूट बाय चार फूट फळीवर ४४ सेंटिमीटर त्रिज्येचे लांबट कडे साडेचार मीटरांत संपते. म्हणजे सबंध मार्ग चढ आणि उतारच, सपाटी कोठेच नाही, आणि तरीही अर्धा मीटर कमी. आम्ही नकळत पंधरात एक चढ बांधून बसलो होतो. खुद्द भोर घाटाचा चढ सदतिसात एक आहे आणि तेथे मागून इंजिने लावून गाडी ढकलावी लागते.

पूल काढला. आता फास. दोन रुळांच्या विजेच्या गाडीत एका रुळातून वीज येते आणि दुसऱ्यातून परत जाते. इंजिन मध्ये उभे राहून ती घेते. रूळ फास घेऊन स्वतःलाच येऊन मिळाला म्हणजे डावा रूळ उजव्यास भिडतो आणि विजेला इंजिनापर्यंत जाण्याचे कारणच उरत नाही. आमच्या वीजपेटीने तत्काळ मान टाकली. यावर उपाय आहे: फासाच्या दोन्ही टोकांस दोन्ही रूळ तोडून मध्ये प्लॅस्टिकचे सांधे घालावेत आणि आतल्या तुकड्यास उलटसुलट वीज देणारा निराळा खटका बसवावा. पण तो उपाय आम्हांस पंधरा दिवसांनी कळला. तोवर बोगद्यात गाडी घसरली होती.

बोगदा भिंतीच्या कोपऱ्यात होता. माणसाचा हात वाकून वाकून अडीच फूट पोहोचतो. फळी चार फूट रुंद. नातवास फळीवर पोटावर झोपवून गाडी काढविली, तेव्हा त्याच्या कोपराखाली स्टेशन चिरडले. आमच्या सर्व चुकांत ही सर्वांत क्षुल्लक, आणि हीच सर्वांत अधिक घरांत होत असावी. कारण चित्रातली मांडणी आपण वरून, आकाशातून पाहतो. चालवावयाची असते ती बाजूने, एका जागी बसून. पुस्तकातले चित्र भिंत दाखवीत नाही, आणि हात किती लांब आहे हेही नाही.

मध्यंतरी आम्ही नातवास पुण्यास घेऊन गेलो आणि कोथरूडचे जोश्यांचे छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय दाखविले. भाऊसाहेब जोशी यांनी जन्मभर जमविलेल्या आणि घडविलेल्या गाड्यांचे ते १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. दिवे लागलेले सबंध शहर, त्यातून अनेक गाड्या धावताहेत, सिग्नल पडताहेत; नातू तेथून हलेना. आम्हांसही हलवेना. तथापि परतीच्या वाटेवर एक विचार मनात आला. ती मांडणी पाहणाऱ्यांसाठी आहे. शंभर माणसे भोवती उभी राहून पाहणार, म्हणून गाड्या अखंड धावल्या पाहिजेत. घरी पाहणारे कोण? दोन दिवस सारे पाहतात. तिसऱ्या दिवशी उरतो तो चालविणारा. त्याच्या हातांना काही काम हवे.

घरी येऊन आम्ही पूल, फास, बोगदा सर्व काढून टाकले आणि साधे लांबट कडे ठेवले. गाडी बिनतक्रार फिरू लागली. संक्रांतीपर्यंत तिच्यावर धूळ बसली.

येथे आमच्या थोरल्या बंधूंविषयी लिहिणे प्राप्त आहे. अण्णांचे वय अठ्ठ्याहत्तर. ते आयुष्यभर रेल्वेत होते. त्यांतली बहुतेक वर्षे बार्शी लाइटवर, लहान लहान स्टेशनांत सहायक स्टेशनमास्तर म्हणून. कुर्डुवाडीहून बार्शीस जाणारी ही अडीच फुटी लाइन १८९७ साली सुरू झाली. पुढे ती एका अंगास लातूर आणि दुसऱ्या अंगास पंढरपूर, १९२७ साली मिरजेपर्यंत पोहोचली. या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे रूळ उखडून ब्रॉडगेज घातले गेले. अण्णांची निवृत्ती त्याच सुमारास झाली. लाइन गेली, ते घरी आले, आणि त्यानंतर त्यांनी रेल्वेचा विषय कधी काढला नाही. आम्हीही काढला नाही. दोन वर्षांपूर्वी मांडीचे हाड मोडल्यापासून ते जिना चढत नाहीत. ओटीवरची आरामखुर्ची हे त्यांचे स्टेशन. सबब माळ्यावरची गाडी त्यांनी पाहिलीच नव्हती. आणि लाज वाटते, पण लिहितो: त्यांना ती दाखवावी हे सहा महिन्यांत आम्हांस सुचले नाही.

सुचले ते नातवास. त्याने फोनवर गाडीचे चलच्चित्र घेतले आणि अण्णांपुढे धरले. अण्णांनी चष्मा पुसून ते दोनदा पाहिले.

"गाडी जाते कोठे?" त्यांनी विचारले.

"फिरते, अण्णा आजोबा."

"फिरतो तो तेल्याचा बैल. गाडी जाते कोठे?"

नातू आमच्याकडे पाहू लागला. आम्ही पुन्हा 'उद्या सांगतो' म्हटले.

त्या रात्री झोप लागेना. पडल्या पडल्या नाटके आठवू लागली, आणि एकाएकी ध्यानात आले की हा प्रश्न संस्कृत नाटककारांनी पूर्वीच सोडविलेला आहे. त्यांची रंगभूमी तरी केवढी होती? चार पावले टाकली की संपली. तरीही तेवढ्यात राजा नगरातून तपोवनात जातो. कसा? नाटककार लिहितो 'परिक्रम्य'. पात्र रंगभूमीवर एक फेरी घेते आणि प्रेक्षक समजतात की दुसरे स्थळ आले. फेरी हे अंतराचे चिन्ह. दुसरी युक्ती नेपथ्याची: पडद्याआड कोलाहल होतो आणि आपण मानतो की तेथे सैन्य आहे. रंगभूमीवर सैन्य लागत नाही; पडदा लागतो.

पुढे वाचनात आले की विलायतेतील छंदी लोक नेमके हेच करतात. कड्यावर गाडी सोडायची, पण पाच फेऱ्या म्हणजे पुढचे स्टेशन असा संकेत धरावयाचा. पाचवी फेरी झाली की गाडी थांबते, डबे काढले-जोडले जातात. ही झाली परिक्रमा. आणि मांडणीचा एक भाग ते फळीच्या वा टेकडीच्या आड लपवितात, तेथे गाड्या उभ्या असतात. त्यास फिडल यार्ड म्हणतात. हे झाले नेपथ्य. तेथून बाहेर आलेली गाडी सोलापूरहून आली म्हणा, की आली. सिरिल फ्रीझर या इंग्रज लेखकाने १९५७ साली 'मिनोरीज' नावाचा आराखडा प्रसिद्ध केला. शहरातले एक शेवटचे स्टेशन, दोन पदरी मार्ग, मोजके सांधे, आणि बाकीचे सारे जग पडद्याआड. तो आजही लोक बांधतात. अमेरिकेत जॉन आर्मस्ट्राँग यांनी १९६३ साली या विषयावर ग्रंथच लिहिला. त्याचा रोख हाच की आधी रेल्वेचे काम ठरवा, मग रूळ आखा. आमचे चित्रांचे पुस्तक आम्ही त्या दिवशी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले.

सकाळी अण्णांपुढे तीन आराखडे मांडले. पहिला शेवटच्या स्टेशनाचा. त्यास ओटीच्या दोन भिंती धरून दहा-बारा फूट जागा लागती. ओटीवर झोपाळा आहे, आणि झोपाळ्याविषयी सूनबाईंशी बोलण्याचे धैर्य कोणासच नव्हते. दुसरा भोर घाटाच्या जुन्या उलट-स्टेशनाचा: १८६३ साली घाटमार्ग सुरू झाला तेव्हा गाडी कड्याच्या टोकाशी जाऊन थांबे आणि उलट दिशेने पुढे चढे, १९२९ साली नवा मार्ग झाल्यावर ते स्टेशन सुटले. हा आम्हांस फार आवडला होता. अण्णा म्हणाले, "चढ पुन्हा नको. इंजिनाची दया करा." तिसरा आराखडा त्यांनी हातात धरून ठेवला.

तो इंग्लंडातील अॅलन राइट यांचा. नाव 'इंगलनुक सायडिंग्ज'. यात कडे नाही, पूल नाही, फास नाही. एक लांब रूळ, त्यास दोन सांधे, आणि त्यांतून फुटणाऱ्या तीन सायडिंगा. एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. सांध्यांच्या अलीकडे जो रूळ उरतो त्यावर इंजिन आणि तीन वाघिणी, एवढीच जागा. वाघिणी एकंदर आठ. आठ चिठ्ठ्यांवर आठ वाघिणींची नावे लिहावीत, त्यांतल्या पाच एकापाठोपाठ काढाव्यात, आणि त्याच क्रमाने त्या पाच वाघिणींची गाडी लांब सायडिंगेत उभी करावी. हात लावून उचलावयाचे नाही. ढकलायचे, ओढायचे, सोडायचे, पुन्हा जोडायचे. रेल्वेत याला शंटिंग म्हणतात.

वाचून हे पोरखेळासारखे वाटेल. आम्हांसही वाटले. म्हणून गणित केले. आठांतून पाच वाघिणी क्रमाने निवडावयाच्या तर आठ गुणिले सात गुणिले सहा गुणिले पाच गुणिले चार, म्हणजे ६७२० निरनिराळ्या गाड्या होतात. उरलेल्या तिघींचा क्रमही धरला तर ४०३२०. रोज एक गाडी लावली तर ६७२० गाड्यांस अठरा वर्षे पुरून वर पाच महिने उरतील. अण्णांनी हा हिशेब शांतपणे ऐकला आणि म्हणाले, "मग पुरेल."

पण लगेच त्यांनी रुळावर अंगठा ठेवला. "ही मोठ्या लाइनीची गाडी. आमची अडीच फुटी होती." आमचा उत्साह मावळला; नवीन रूळ, नवीन इंजिन हा खर्च घराने केला नसता. पुन्हा भागाकार. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. एचओ मापात त्याचे पावणेनऊ मिलिमीटर होतात, म्हणजे एन मापाचे ९ मिलिमीटरांचे रूळ हवेत. ही वाट बंद. मग नातवाने गणित उलटे केले: आपले रूळ १६.५ मिलिमीटरांचे आहेत, तर ७६२ला १६.५ने भागू. उत्तर सेहेचाळीस आले. अर्थात गाडी जर सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची न करता सेहेचाळीस-अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याची केली, तर तेच रूळ अडीच फुटी होतात! ही युक्ती पुढे आम्हांस छापील आढळली. अमेरिकेत अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याच्या गाड्या १६.५ मिलिमीटर रुळांवर चालवितात आणि त्या मापास 'ऑन थर्टी' म्हणतात, तीस इंची लाइनीवरून. पण आमच्या घरी ती नातवाने शोधली, हे आम्ही कोणासही सांगू.

रूळ तेच, चाके तीच. वरचा सांगाडा तेवढा नवा करावयाचा. अण्णांनी वाघिणींची मापे फुटांत सांगितली, दार कोठे, कडी कोठे, अक्षरे कोठे. नातवाने पुठ्ठा कापला. अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याने साडेपाच फुटांचा माणूस ३५ मिलिमीटर होतो. तसा एक कापून मालधक्क्यावर उभा केला आणि वाघिणीचे दार त्याच्या खांद्याला लागते की नाही हे अण्णांनी डोळा मिटून पाहिले. दोन वाघिणी त्यांनी परत पाठविल्या. इंजिनावर पुठ्ठ्याचे पेटीसारखे डिझेलचे कवच घातले. वाफेच्या इंजिनाचा आग्रह कोणी धरला नाही हे नशीब.

वाघिणी मोठ्या झाल्या म्हणून सायडिंगाही वाढल्या. जोडणीसकट प्रत्येक वाघीण अकरा सेंटिमीटर. पाच वाघिणींस ५५, इंजिन आणि तीन वाघिणींस सुमारे ५०, आणि सांधे प्रत्येकी सतराच्या आसपास. सर्व धरून पाच फूट लांब आणि सव्वा फूट रुंद फळी पुरली. यावेळी रूळ ठोकण्यापूर्वी ओटीवर जुनी वर्तमानपत्रे चिकटवून त्यांवर खऱ्या मापाने सर्व आखून घेतले, रूळ नुसते मांडले, आणि वाघिणी हाताने ढकलून एक गाडी लावून पाहिली. हे ज्यास करावयाचे नसेल त्याने या छंदात पडू नये. कागदावर तिसऱ्या सायडिंगेत तीन वाघिणी मावत होत्या. जमिनीवर तिसरीचे शेपूट सांध्यावर राहिले. कागदावरच कळले म्हणून दोन इंच सरकविता आले.

फळीची उंची आरामखुर्चीच्या हाताएवढी ठेवली. सांधे हलविण्यास विजेची यंत्रे मिळतात. आम्ही सायकलच्या तारा वापरल्या. फळीखालून तार ओढली की सांधा पडतो, आणि दोन्ही तारांची टोके अण्णांच्या उजव्या हाताशी आणली. डाव्या हातास पूर्वीसारखी पकड नाही. वाघिणी सोडविण्यासाठी विणकामाच्या सुईचा आकडा केला आहे. ते काम नातवाकडे, कारण अण्णांचा हात थरथरतो. म्हणजे एकट्या माणसाने चालविण्यासाठी काढलेली ही मांडणी आमच्याकडे दोघांची झाली. तिसऱ्याचे, अर्थात आमचे, काम चिठ्ठ्या काढण्याचे.

खेळ कसा चालतो ते सांगतो. रात्रीची जेवणे झाली की आम्ही चिठ्ठ्या काढतो: गूळ, भुईमूग, खत, रॉकेल, अशी वाघिणींची नावे आहेत. अण्णा क्रम ऐकतात आणि काही वेळ बोलत नाहीत. मग तार ओढतात. वाघीण सांध्यावर उभी असता सांधा हलवावयाचा नाही. हा नियम आम्ही पहिल्याच रात्री मोडला आणि आमच्या पासष्टाव्या वर्षी नातवादेखत बोलणी खाल्ली. नातवाने हिरवे निशाण दाखविल्याखेरीज इंजिन हलत नाही. घाई केली तर अण्णा गाडी जागच्या जागी थांबवितात आणि सर्व वाघिणी पुन्हा मूळ जागी लावावयास सांगतात. पहिली गाडी लागण्यास पाऊण तास लागला. हल्ली वीस मिनिटांत होते.

तिसऱ्या की चौथ्या रात्री एक गूळ-वाघीण दोन वेळा चुकीच्या सायडिंगेत गेली, तेव्हा अण्णा हसले आणि म्हणाले की अगदी असेच एकदा झाले होते. मग त्यांनी ती हकीकत सांगितली. स्टेशनाचे नाव, सांधेवाल्याचे नाव, कोणता महिना, पाऊस होता की नव्हता, सर्व. वीस वर्षांत आम्ही ती ऐकली नव्हती. ती संपेपर्यंत नातवाने निशाण तसेच वर धरून ठेवले होते.

इंजिनामागच्या रुळाचे टोक पुठ्ठ्याच्या एका भिंतीआड जाते. त्या भिंतीवर काय लिहावे, यावर मात्र वाद झाला. आम्ही 'नेपथ्य' सुचविले. नातवास 'मुंबई' हवे होते. अण्णांनी दोन्ही नाकारून खडूने 'पंढरपूर' लिहिले.

माळ्यावरची सहा फुटी फळी सूनबाईंनी परत मागितली. कुरडया तिच्यावर फार चांगल्या वाळतील असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते खरे ठरले आहे. पुलाचे चार खांब तेवढे नातवाने जपून ठेवले आहेत. विचारले तर सांगत नाही.